मालक कोण?
जबलपूरच्या फाटकावरून आपल्याच माणसांना काही रोखठोक सवाल



जबलपूरच्या एका आयुध कारखान्याच्या फाटकावर पाळी सुटण्याच्या वेळी द्वारसभा चालू होती. घोषणा झाल्या, भाषणे झाली. शेवटी मागच्या बाजूला सायकल धरून उभा असलेला एक कंत्राटी कामगार पुढे आला आणि म्हणाला, "मुर्दाबाद कुणाला म्हणायचे तेवढे सांगा. हजेरी ठेकेदार घेतो. काम कारखान्याचा चार्जमन सांगतो. कारखाना आता कंपनीचा आहे म्हणतात, आणि कंपनी सरकारची. मग माझा मालक कोण?"

व्यासपीठावरच्या आपल्या एका जुन्या कार्यकर्त्याने त्याला समजावले, "ते राहू दे. बोनसचे पत्रक घेतलेस का?" दुसरे एक विद्वान मित्र उठले आणि त्यांनी वित्त भांडवलाच्या जागतिक संकटावर पाऊण तास विवेचन केले. तोपर्यंत बस सुटली होती आणि सवाल विचारणाराही निघून गेला होता.

त्या दोघांनाही उद्देशून आम्ही हे लिहीत आहोत. पहिल्याला वाटते की सिद्धान्त म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. दुसऱ्याला वाटते की सिद्धान्त एकदा पुस्तकात लिहून झाला, आता फक्त वाचून दाखवायचा. दोघे एकमेकांची टवाळी करतात, पण दोघांनी केले एकच: कामगाराने विचारलेल्या सैद्धान्तिक प्रश्नाला उत्तर दिले नाही. होय, सैद्धान्तिक प्रश्न! "माझा मालक कोण" यापेक्षा मोठा सैद्धान्तिक प्रश्न कामगार चळवळीत नाही. आणि तो अभ्यासिकेत नव्हे, फाटकावरच उभा राहतो.

मराठी पानांत जबलपूर कशाला?

कुणी म्हणेल, जबलपूरची कथा हिंदी विभागात लिहा. पण १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघाचे कार्यालय पुण्यात खडकीला, एस. एम. जोशींच्या नावाच्या वास्तूत आहे. खमरियाच्या दारूगोळ्याचे आणि खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा येथल्या कारखान्यांचे दुःख एकच आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून तर ते कागदोपत्रीही एक झाले.

त्या दिवशी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले. ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. आता जबलपूरची वाटणी पाहा. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे गेली. १९६९ मध्ये सुरू झालेली व्हेइकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीच्या कंपनीकडे. दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली खमरिया पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आणि ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. एका शहरातले चार कारखाने चार मालकांकडे, चार दिशांना! एकाच वसाहतीत राहणाऱ्या, एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या, एकाच मोर्चात चालणाऱ्या कामगारांना आता चार व्यवस्थापनांशी चार वेगळ्या टेबलांवर बोलावे लागते. हे केवळ प्रशासनाच्या सोयीसाठी झाले असे ज्याला वाटते, त्याला आमचा दंडवत.

"सिद्धान्ताने पोट भरत नाही"

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर इतिहासातूनच द्यावे.

१९५७ च्या जुलैमध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब ठरवला. कमावत्या माणसामागे तीन खाणाऱ्यांचे कुटुंब धरावे, डॉ. ॲक्रॉइड यांच्या आहारमानाप्रमाणे अन्न मोजावे, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्तीसारख्या खर्चाला एकूण वेतनाच्या वीस टक्के. वेतन किती असावे हे मालकाच्या मर्जीवर किंवा बाजारातल्या बेकारीवर सोडायचे नाही. कामगार उद्या पुन्हा कामावर उभा राहावा आणि त्याची मुले वाढावीत याला काय लागते, यावरून ते ठरवायचे. मार्क्सने श्रमशक्तीच्या मूल्याबद्दल जे सांगितले त्याला डाळ-तांदूळ आणि कापडाच्या भाषेत आणले की हेच हाती येते. ही मागणी लिहिणारे सगळे मार्क्सवादी नव्हते, आणि व्हायची गरजही नव्हती. परंतु त्यामागचा विचार त्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या वेतन आयोगाने हा हिशेब बाजूला ठेवून ८० रुपये किमान वेतन दिले. म्हणून ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला. संयुक्त कृती समितीच्या अग्रभागी होते एस. एम. जोशी, म्हणजे समाजवादी. बरोबर कम्युनिस्ट होते, कोणत्याच पक्षाचे नसलेले हजारो कामगार होते. सरकारने अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढला, धरपकड केली, संघटनांची मान्यता काढून घेतली. पाच दिवसांत संप मागे घ्यावा लागला. संप हरला, पण हिशेब हरला नाही. सातव्या वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात १८ हजार रुपयांचा आकडा काढला तोही त्याच १९५७ च्या पद्धतीचा आधार घेऊन, आणि संघटनांनी २६ हजार मागितले तेही त्याच पद्धतीने. आठव्या आयोगापुढेही आपण तोच तक्ता घेऊन उभे राहणार आहोत. मग आता सांगा, सिद्धान्ताने पोट भरते की नाही? ज्या कार्यकर्त्याला सिद्धान्ताचा तिटकारा आहे त्याच्या खिशातल्या मागणीपत्रात तो घडी घालून ठेवलेला आहे.

आपण अर्धाच हिशेब वापरला

पण इथेच आपल्या दुखण्याचे मूळ आहे. तो तक्ता आपण कायम कामगारासाठी वापरला आणि घडी घालून ठेवला. त्याच फाटकातून आत जाणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला, माल चढवणाऱ्याला, कॅंटीनमधल्या पोऱ्याला तीन खाणाऱ्यांचे कुटुंब नसते काय? त्याची श्रमशक्ती हवेवर जगते काय?

१९६० च्या पराभवानंतर १९६६ मध्ये संयुक्त सल्लामसलत यंत्रणा, म्हणजे जेसीएम, आली. तिच्यातून कामगाराला जे मिळाले त्याला आम्ही नावे ठेवत नाही. भत्ते, बढत्या, वसाहती, दवाखाने हे भीक मागून मिळालेले नाहीत. पण टेबलाची सवय लागली की फाटकाची सवय सुटते. आपले उत्तम कार्यकर्ते नियमपुस्तिकेचे पंडित झाले. कोणत्या परिपत्रकाच्या कोणत्या परिच्छेदाखाली कुणाची वेतनवाढ अडली हे त्यांना झोपेत विचारले तरी सांगता येई. कारखान्यात काय बनते, कुणासाठी, किती दिवस बनणार, हे मात्र विचारायचे राहून गेले.

व्हेइकल फॅक्टरीचेच पाहा. 'शक्तिमान' ट्रक आणि 'जोंगा' या कारखान्यात वर्षानुवर्षे बनले. नव्वदच्या दशकात त्यांची जागा खासगी कंपन्यांच्या रचनेच्या 'स्टॅलियन' आणि 'एलपीटीए' ट्रकांनी घेतली. जिथे कामगार ट्रक घडवत होता तिथे तो बाहेरून आलेले भाग जुळवू लागला. गाड्यांची संख्या वाढली, ओव्हरटाइम वाढला, सगळे खूश. पण कौशल्य आणि आराखडा भिंतीबाहेर गेला होता. पुढे २०१७ नंतर जेव्हा सरकारने 'हे कारखान्याचे मुख्य काम नाही, बाजारातूनही मिळते' असा शेरा मारायला सुरुवात केली, तेव्हा आपण दचकलो. दचकायचे कारण नव्हते. यंत्रावरच्या कामातून विचार काढून घेतला की कामगार बदलता येतो, आणि कामगार बदलता आला की कारखानाही. हे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. आम्ही तेव्हा ओव्हरटाइमचे तास मोजत होतो. वरातीमागून घोडे!

याचा अर्थ ओव्हरटाइम मोजू नये असा नाही. १८६५ च्या जून महिन्यात लंडनला पहिल्या इंटरनॅशनलच्या बैठकीत जॉन वेस्टन नावाच्या एका सुताराने मत मांडले की मजुरीवाढीसाठी लढणे व्यर्थ आहे, भाव वाढतात आणि मिळालेले पुन्हा जाते. मार्क्सने त्याला सविस्तर उत्तर दिले. तेच पुढे 'मजुरी, किंमत आणि नफा' या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचा सारांश असा की रोजच्या लढाईतून जो कामगार माघार घेतो तो मोठ्या लढाईलाही नालायक ठरतो. पण रोजच्या लढाईत आपण परिणामांशी झुंजतो आहोत, कारणाशी नव्हे, हे विसरणाराही फसतो. लक्षात घ्या, ते विवेचन एका कामगाराच्या शंकेतून जन्मले. ती शंका खोटी ठरली, पण विचारली गेली म्हणून उत्तर मिळाले. आपल्या बैठकांत शेवटची शंका कोणी आणि कधी विचारली होती, आठवते का?

विडीवालीने दिलेला धडा

आता कारखान्याच्या भिंतीपलीकडे चला. जबलपूर हे तोफांचे शहर तसे विडीचेही शहर. जबलपूर, दमोह, सागर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी विडी वळली जाते. वळणाऱ्या बहुतेक बायका. पान-तंबाखू सट्टेदार देतो, विडी सट्टेदार घेतो, पैसे सट्टेदार देतो. विडीच्या बंडलावर नाव मात्र दुसऱ्याचेच असते. त्या बाईला विचारा, मालक कोण?

हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. १९५८ मध्ये सागरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत. मालक सुटला. पण त्यानंतर दोन-तीन वर्षांतच नागपूरच्या विडी कामगारांच्या प्रकरणात तेच न्यायालय म्हणाले की कारखान्यात येऊन विडी वळणारे कामगारच आहेत. ते येण्याजाण्याच्या वेळा स्वतः ठरवत असले तरी खराब विडी बाजूला काढण्याचा अधिकार मालकाकडे आहे. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगार कायदा झाला आणि घरी बसून विडी वळणारीही त्यात आली. विडी मालकांनी कायद्याला आव्हान दिले, ते १९७४ मध्ये फेटाळले गेले. १९८५ मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या प्रकरणात घरी काम करणाऱ्यांनाही न्यायालयाने कामगार मानले. आधार पुन्हा तोच: विडी नाकारण्याचा अधिकार ज्याचा, नियंत्रण त्याचे.

मित्रहो, यातली गंमत पाहा. छाट ही विडी कामगार बाईची सर्वांत जुनी तक्रार. हजार विड्या द्यायच्या, त्यातल्या मूठभर खराब म्हणून काढायच्या, त्यांचे पैसे कापायचे आणि बऱ्याचदा त्या विड्याही ठेवून घ्यायच्या. त्याच अन्यायात मालकाची सही होती! जो छाट करतो तो मालक. ही गोष्ट कोणत्याही पुस्तकातून त्या बाईला शिकवावी लागली नाही, ती तिला हाताने ठाऊक होती. पण तक्रारीचे पुराव्यात रूपांतर करायला संघटना लागली, वकील लागला, वीस-पंचवीस वर्षांची चिकाटी लागली. आणि मालकी नावावर नसते, हुकमतीत असते ही समज लागली. तिलाच आम्ही सिद्धान्त म्हणतो.

आणखी एक. 'भांडवल'च्या पहिल्या खंडात तुकड्यावरच्या मजुरीचे एक प्रकरण आहे. मार्क्स तिथे दाखवतो की नगावर पैसे दिले की मुकादम ठेवायची गरज उरत नाही, कामगार स्वतःच स्वतःला राबवतो. आणि मालक व कामगार यांच्यामध्ये मधला दलाल सहज शिरतो. १८६७ साली छापलेले ते प्रकरण वाचले की सट्टेदार डोळ्यांसमोर उभा राहतो. पण आमचा मुद्दा वेगळाच आहे. आयुध कारखान्यातही पीसवर्क आहे. जबलपूरच्या एकाच रस्त्यावर एका घरात पीसवर्कचा हिशेब घेऊन आलेला फिटर राहतो आणि पलीकडच्या घरात हजारी दराने विडी वळणारी बाई. कधी तो फिटर तिचाच मुलगा असतो. या दोघांची एकत्र बैठक आपण किती वर्षांत किती वेळा घेतली? आम्ही स्वतःला विचारले आणि मान खाली घातली. दोघांच्या संघटनांच्या फलकांवर झेंडा एकाच रंगाचा असूनही!

पुस्तकी मित्रांना दोन शब्द

इथवर वाचून आपले विद्वान मित्र माना डोलावत असतील. त्यांनी जरा थांबावे.

सिद्धान्त बरोबर असला तरी तो माणसांना विचारल्याशिवाय वापरला तर आंधळा होतो. मुंबईत १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी विचारले होते की गिरणीच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश का नाही? ज्यांच्या हाती लाल झेंडा होता त्यांच्याकडे या प्रश्नाला धड उत्तर नव्हते. वर्ग एक आहे म्हणायचे आणि साच्यावरचा तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो म्हणून शेजारी अस्पृश्य नको म्हणणाऱ्याला काही बोलायचे नाही, ही सिद्धान्ताची निष्ठा नव्हे, टाळाटाळ होती. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र संप केला. दोघांना एकत्र आणणारी गोष्ट पुस्तकातला उतारा नव्हती, संप मोडायला निघालेला कायदा होती. आज कंत्राटी सफाई कामगारांत कोणत्या जातीची माणसे आहेत, तेंदूपत्ता तोडायला जंगलात कोण जाते, विडी कोणाच्या घरात वळली जाते, याची मोजदाद नसलेला वर्गसिद्धान्त जबलपूरच्या कामाचा नाही.

मार्क्सनेही नुसते सांगितले नाही, विचारलेही. १८८० मध्ये त्याने फ्रान्सच्या कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. कामाचे तास किती, हवा कशी, अपघात झाला तर कोण भरपाई देते, दंड कोणते, मजुरी रोजावर की नगावर, संप झाला तेव्हा सरकारने कोणाची बाजू घेतली? उत्तरे कामगाराने स्वतः लिहावीत अशी अपेक्षा होती. आपल्यातले किती विद्वान मित्र कंत्राटी कामगाराला असे शंभर प्रश्न विचारून आले आहेत?

दल्ली राजहऱ्याचे उदाहरण

विचार आणि लढा एका हातात धरता येतो याचे उदाहरण शोधायला रशिया-चीनला जायला नको. पूर्वीच्या मध्य प्रदेशातल्या दल्ली राजहऱ्याच्या लोखंड खाणी पुरेत. तिथे १९७७ मध्ये खात्यातल्या कामगारांसाठी झालेल्या करारात कंत्राटी कामगार मागे पडले. ते आपल्यासारख्या जुन्या संघटनांतून बाहेर पडले आणि शंकर गुहा नियोगींकडे गेले. हा चटका आपण विसरू नये. नियोगींनी त्यांना नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. खाणीत पूर्ण यांत्रिकीकरण करून माणसे काढायचा बेत आला तेव्हा संघटनेने स्वतःचा अभ्यास करून निमयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला: कोणते काम यंत्राने, कोणते हाताने, खर्च किती. 'नको' म्हणणे सोपे असते. 'असे करा' म्हणायला अभ्यास लागतो. कामगारांच्या पैशातून आणि श्रमांतून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभे राहिले.

२८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत झोपेत असताना नियोगींची गोळी घालून हत्या झाली. दुर्गच्या न्यायालयाने उद्योगपतींसह आरोपींना शिक्षा दिली. १९९८ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शिक्षा कायम झाली ती एकट्या गोळी झाडणाऱ्याची. तिथेही प्रश्न तोच उरला: हात कुणाचा होता हे कळले, पण मालक कोण?

"सिद्धान्त काढला की एकी फुटते"

आता सर्वांत गंभीर आक्षेप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयुध कारखान्यांच्या निगमीकरणाविरुद्ध तिन्ही मान्यताप्राप्त महासंघ एकत्र आले. डावे, इंटकचे, भारतीय मजदूर संघाचे. २० ऑगस्टपासून महिनाभराचा संप जाहीर झाला आणि आश्वासन मिळाल्यावर काही दिवसांत स्थगित झाला. लोक म्हणतात, पाहा, सिद्धान्त बाजूला ठेवला म्हणून एकी झाली.

एकी झाली हे खरे, आणि ती मोलाची होती. पण पुढचेही सांगा. मे २०२० मध्ये टाळेबंदीत, माणसे घरात कोंडलेली असताना, निगमीकरणाची घोषणा झाली. १६ जून २०२१ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. आपण जुलैच्या अखेरीस बेमुदत संपाची तयारी केली, तर ३० जूनला अत्यावश्यक संरक्षण सेवा वटहुकूम आला. संपात भाग घेतला तर एक वर्ष कैद, चिथावणी दिली तर दोन वर्षे. ऑगस्टमध्ये त्याचा कायदाही झाला. सुमारे ७० हजार कामगारांना 'मानीव प्रतिनियुक्ती'वर नव्या कंपन्यांत पाठवले गेले. आधी दोन वर्षांसाठी, मग मुदतवाढीवर मुदतवाढ.

तेव्हा अनेक कार्यकर्ते सुन्न झाले होते. "सरकार आपलेच, ते असे कसे करील?" हे वाक्य आम्ही जबलपुरात ऐकले, खडकीत ऐकले, अंबाझरीत ऐकले. १९६० चा वटहुकूम ज्याला ठाऊक होता, १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे संप कसा चिरडला गेला हे ज्याला ठाऊक होते, तो सुन्न झाला नसता. सरकार मायबाप नाही, ते मालक आहे. आणि इतर मालकांहून वेगळे असे की त्याच्या एका खिशात पगाराचे पाकीट आणि दुसऱ्या खिशात वटहुकूम असतो. ही समज असती तर २०२१ ची लढाई जिंकलीच असती असा दावा आम्ही करत नाही. पण २०१९ चे आश्वासन खिशात घालून आपण जे महिने गमावले, ते कंत्राटी कामगारांत, गावात, विडी वस्त्यांत, रेल्वेच्या कामगारांत लढाईचा पाया घालण्यात गेले असते. एकी सिद्धान्ताने फुटत नाही. फक्त 'नको' या एका शब्दावर उभी असलेली एकी पहिल्या वटहुकमाने हलते.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला, आता मार्क्स कशाला, असे म्हणणारेही आहेत. त्यांना एवढेच विचारतो: कोसळला तो संघ, सट्टेदार कोसळला का? उलट २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. २९ कायदे त्यांत विरघळले. त्यांत १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आहे आणि विडी कामगार बाईला मालक शोधून देणारा १९६६ चा कायदाही आहे. काही कलमे उरली, स्वतंत्र कायदा राहिला नाही. संपाला सर्वच उद्योगांत आधी नोटीस बंधनकारक झाली. 'मालक कोण' हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून लढवावा लागणार आहे.

आणि तो जीवनमरणाचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये खमरियात स्फोट होऊन कामगार दगावले. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोटात आठ जण गेले. एकच कंपनी, दोन कारखाने, तीन महिन्यांचे अंतर. दारूगोळ्याच्या कामात कोण किती दिवस शिकून उभा राहतो, कोणाची नेमणूक कशी, विम्याच्या कागदावर मालकाच्या रकान्यात कोणाचे नाव, हे विचारणे म्हणजे सिद्धान्त की व्यवहार? ज्याला अजूनही फरक करता येतो त्याने करावा.

मग करायचे काय?

उपदेश पुरे. जबलपूर, खडकी आणि नागपूरच्या साथींपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली: प्रत्येक फाटकावर स्वतःची प्रश्नावली काढा, हिंदीत आणि मराठीत. कायम, कंत्राटी, शिकाऊ, सर्वांना एकच. हजेरी कोण घेतो, काम कोण सांगतो, काम कोण नाकारतो, पगारातून कोण कापतो. जो छाट करतो त्याचे नाव लिहा. विडीवालीची कसोटी कारखान्यात लावा.

दुसरी: किमान वेतनाचा १९५७ चा तक्ता आठव्या आयोगासाठी भराल तेव्हा शेजारी आणखी दोन रकाने काढा, एक कंत्राटी कामगाराचा आणि एक विडी कामगाराचा. तिन्ही आकडे एकाच फलकावर फाटकाबाहेर लावा. लाज वाटली तर वाटू द्या.

तिसरी: अभ्यासवर्ग भरवा, पण रविवारी सकाळी सभागृहात व्याख्यात्यासाठी नव्हे. पाळी सुटल्यावर अर्धा तास, एकच प्रश्न, आणि बोलणारा पहिला माणूस कार्यकर्ता नको. पीसवर्कच्या बैठकीला विडी कामगार बायकांना बोलवा. फिटरनेही ऐकावे.

चौथी: चार कंपन्या झाल्या म्हणून शहर चार झाले नाही. जबलपूरच्या चारही कारखान्यांची एक शहर समिती चालवा आणि तिच्यात कंत्राटी कामगारांना पाहुणे म्हणून नव्हे, सभासद म्हणून घ्या. घटनेत बसत नसेल तर घटना बदला. ती आपणच लिहिली आहे.

हे केल्याने उद्या क्रांती होईल असे आम्ही म्हणत नाही. पण पुढच्या द्वारसभेत सायकल धरून उभा असलेला तो साथी पुन्हा आला आणि त्याने तोच प्रश्न विचारला, तर त्याला बोनसचे पत्रक आणि पाऊण तासाचे व्याख्यान यांपेक्षा काही बरे उत्तर मिळाले पाहिजे. खरे तर उत्तर त्यालाच द्यायला सांगा. हजेरी कोण घेतो, काम कोण सांगतो, विचारा त्याला. आणि तो बोलत असताना बस थोडी थांबवून धरा.

कामगार एकजूट जिंदाबाद!